एकास साठ

ईल्यावूतल्या आमच्या घरचा बोळ नऊ मीटर लांब आहे,
स्वयंपाकघरापासून रस्त्याच्या दारापर्यंत.
तिथे खुर्ची ठेवायची नाही, छत्री टेकवायची नाही.
जहाजाला दोर लागतो
आणि दोराला सरळ वाट.

त्या टोकाला बाबा,
शिवणयंत्राच्या चाकावर बसवलेले तीन आकडे,
तिन्हींत लिननचं सूत, केसाहून जरा जाड.
या टोकाला मी, इदालिना, वय बावन्न,
हातात पितळी भोवरी, पायांत नुसते मोजे,
कारण बूट वाजले की त्यांची मोजणी चुकते.

चाक फिरतं. पेडांत पीळ भरतो.
तिन्ही पेड एकमेकांना बिलगायला आतुर;
मध्ये ऑलिव्हच्या लाकडाचं बोंड, तीन खाचांचं,
म्हणतं, थांबा. थांबा. आता.
पेड उजवीकडे वळलेले, तर दोर डावीकडे.
एक दुसऱ्याला सुटू देत नाही,
एवढ्यावरच तर तो टिकतो.
पीळ चढतो तसा दोर आखडतो
आणि मला ओढत नेतो, बोटभर, दोन बोटं.
नऊ मीटरांवरून मी सातांवर येते.
आमच्या घरात जवळ येणं
ते एवढंच.

मग मेणबत्ती.
ज्योतीतून दोर झरकन काढायचा:
लव जळते, पीळ जळत नाही.
मग मेण, दोन चिमटींत, ऊब येईपर्यंत.
डोलकाठ्यांना धरून ठेवणाऱ्या दोरांना अक्रोडाच्या सालीचा काळा रंग,
शिडं ओढणाऱ्यांना काही नाही, ते फिकेच.

एकास साठ.
साठ मीटरचं जहाज टेबलावर मावतं.
माणूस तीन सेंटिमीटरांना थोडा कमी.
कॉड? बाबा करंगळीचं नख दाखवतात.
धुक्याचं विचारलं तर
पट्टी खिशात घालतात.

डेकवर डोरी, एकीत एक, वाट्यांसारख्या.
न्यूफाउंडलंडच्या पाण्यात प्रत्येकीत एकच माणूस उतरायचा,
गळ, एक पाव, एक शिंग फुंकायला.
प्रत्येकीच्या नाळेला दोर,
दोराच्या टोकाला रेशमाचे अकरा वेढे,
उसवू नये म्हणून.
ते वेढे मी घालते. त्यांच्या बोटांना आता ते दिसत नाहीत.

एकतीस नंबरचा दोर मात्र त्यांनी माझ्या हाती दिला नाही.
अख्खी संध्याकाळ वळला, जाळला, मेणवला, नाळेला बांधला,
आणि दाढीच्या पात्यानं कापला.
टोक तसंच ठेवलं, तीन पेड तीन दिशांना.

एकतीस बाबांची.
बत्तीसवर दुवार्त बिलेलू असायचा.
त्याचं नाव निघालं की आई
मिठाचं भांडं शोधायला उठायची,
आणि ते समोरच असायचं.

अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं.
अवेरूहून आलेले परीक्षक, भिंग लावून, सावकाश.
"काम देखणं आहे, सेन्योर आर्मेनियू.
पण एकतीसचा दोर टोकाला मोकळा,
आणि बत्तीस नंबर जागेवरच नाही.
चार गुण वजा."
"बरोबर आहे," बाबा म्हणाले
आणि कागदावर सही केली,
नाव पूर्ण लिहून.

घरी आलो. कोट न काढताच
त्यांनी तिन्ही आकड्यांत सूत अडकवलं.
"बत्तीसचा राहिलाय. धर."
मी बूट काढले.
चाक फिरत राहिलं, बोळभर पीळ भरत गेला,
सातांच्याही आत त्यानं मला ओढून आणलं,
इतकी की त्यांच्या श्वासातली कॉफी मला कळली.
"पुरे झालं, बाबा. तुटेल."
चाक थांबलं.

ज्योत, मेण. मी रेशीम ओवलं.
"अकराच ना?"
"अकरा," ते म्हणाले.
मग, भिंगातून मान न काढता,
"बावीस घाल."